कागद मागण्याचा हक्क : सभागृहाचा आणि आपला

(उचगाव येथील अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकायला रूक्ष आहे. सरकारने घेतलेल्या निर्णयांचे कागद पाहण्याचा अधिकार विधिमंडळाला किती, आणि सरकार तो कागद द्यायला नाही म्हणाले तर पुढे काय, असा हा विषय. मी वकील नाही, प्राध्यापक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत कारकून म्हणून काम करतो. दिवसभर माझा संबंध कागदाशीच येतो. कोणता कागद कोणी पाहायचा, कोणी सही करायची आणि कोणी तपासायचा, यावरच आमचे सगळे काम चालते. म्हणून या विषयावर चार गोष्टी सांगण्याचे धाडस करतो.

सुरुवातीलाच मुद्दा सांगून टाकतो. आमदार-खासदाराला सरकारी कागद पाहण्याचा जो हक्क आहे आणि तुम्हा-आम्हाला जो हक्क आहे, त्या दोन हक्कांना जोडणारी एक ओळ २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात होती. ती ओळ नोव्हेंबर २०२५ पासून कायद्यात उरलेली नाही. ज्यांचा स्वतःचा माणूस सभागृहात आहे त्यांना तिची उणीव फारशी जाणवणार नाही. ज्यांचा नाही, त्यांना जाणवेल. आपण दुसऱ्या गटात मोडतो, म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

तपासनीस आणि शाखा

आमच्याकडे वर्षाकाठी तपासणी होते. तपासनीस येतात, कोणतेही व्हाउचर मागतात, कोणतेही लेजर उघडायला सांगतात. "हे व्हाउचर दाखवणे शाखेच्या हिताचे नाही," असे म्हणण्याचा अधिकार शाखा व्यवस्थापकाला नसतो. तो तसे म्हणाला, तर तपासनीस तेवढेच वाक्य अहवालात लिहून वर पाठवील आणि बाकीचे वरचे लोक पाहून घेतील. ज्याचा हिशेब तपासायचा, त्यानेच काय दाखवायचे ते ठरवायचे नसते. हिशेबाच्या धंद्यातला हा पहिला धडा आहे.

सरकारच्या पैशाचा तपासनीस म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षक. १९७१ च्या त्यांच्या कायद्यातील कलम १८ प्रमाणे ते कोणतेही सरकारी हिशेब कार्यालय तपासू शकतात, वह्या-कागद मागवू शकतात, प्रश्न विचारू शकतात. कार्यालयाच्या प्रमुखाने त्यांना सर्व सोयी द्यायच्या असतात. हे झाले पैशाचे. पण धोरणाचे काय? अमुक निर्णय का घेतला, खात्याच्या सचिवाने काय शेरा मारला होता, कायदा खात्याने काय सल्ला दिला होता, हे पाहण्याचे काम मुख्यतः विधिमंडळाचे. सरकार विधानसभेला जबाबदार असते असे घटनेचा अनुच्छेद १६४ सांगतो. जबाबदार माणसाने जाब द्यायचा, तर जाब विचारणाऱ्याच्या हातात कागद नको का?

नियमात ठेवलेल्या दोन फटी

लोकसभेच्या कामकाजाचे नियम पाहू. राज्यांच्या सभागृहांचे नियमही बहुतांशी याच वळणाचे आहेत. नियम २७० सांगतो की संसदीय समितीला साक्षीदार बोलावण्याचा, कागद आणि दप्तर मागवण्याचा अधिकार आहे. एखादा कागद विषयाशी संबंधित आहे की नाही असा वाद झाला, तर तो अध्यक्षांकडे जातो आणि त्यांचा निर्णय अखेरचा. इथपर्यंत ठीक. पण त्याच नियमात पुढे म्हटले आहे की कागद उघड करणे देशाच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक आहे, या कारणासाठी सरकार तो द्यायला नकार देऊ शकते.

दुसरा नियम ३६८. मंत्र्याने सभागृहात एखाद्या सरकारी कागदातला मजकूर वाचून दाखवला, तर तो संबंध कागद पटलावर ठेवावा लागतो. आपल्याला हवी तेवढी ओळ वाचायची आणि उरलेला कागद खिशात ठेवायचा, हे चालत नाही. नियम चांगला आहे. पण तो कागद मांडणे सार्वजनिक हिताशी विसंगत आहे असे मंत्र्यांनी सांगितले, की तेथेही सूट.

सुरक्षिततेचा प्रश्न खरा असतो, हे मान्य करू. सीमेवरच्या ठाण्यांचे नकाशे कोणी पटलावर मागत नाही. अडचण 'हित' या शब्दाची आहे. देशाचे हित आणि त्या वेळी सत्तेवर असलेल्या मंडळींची सोय यांत फरक असतो, आणि तो फरक कोण ठरवणार? नियमाप्रमाणे सरकारच. म्हणजे शाखा व्यवस्थापकाने ठरवायचे की तपासनिसाला कोणते व्हाउचर दाखवायचे.

तिसरी एक वाट नियमात लिहिलेली नाही, पण रोज वापरली जाते. प्रश्नाच्या उत्तरात म्हणायचे, "माहिती गोळा करण्यात येत आहे" किंवा "बाब विचाराधीन आहे." आमच्याकडे ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही, ती सस्पेन्स खात्यात टाकतात. ते खाते महिनोन् महिने फुगत राहिले, की तपासनीस पहिल्यांदा तेच उघडतो. संसदेतही हे ओळखणारे शहाणे लोक होते. १ डिसेंबर १९५३ रोजी लोकसभेने सरकारी आश्वासनांवरील समिती नेमली. "माहिती गोळा करून पटलावर ठेवू," असे मंत्री म्हणाले की ते आश्वासन धरले जाते, त्याची नोंद होते आणि तीन महिन्यांत ते पुरे करावे लागते. राज्यांच्या विधिमंडळांतही अशा समित्या आहेत. पाठपुरावाही समितीनेच करायचा असतो. पण मुदत संपली तरी तारीख वाढवून मिळू शकते.

मुंदडा आणि बोफोर्स

कागद सभासदाच्या हाती असला तर काय होते, त्याचे सर्वांत जुने उदाहरण आमच्या वित्तक्षेत्रातले आहे. आयुर्विमा महामंडळाची स्थापना १९५६ ची. जून १९५७ मध्ये या महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे शेअर सव्वा कोटी रुपयांच्या आसपास मोजून घेतले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला त्या वेळी विचारलेही गेले नव्हते. हा पैसा लाखो विमेदारांच्या हप्त्यांचा. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी लोकसभेत उभे राहिले. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. त्यांच्या हाती अर्थखात्यातला गोपनीय पत्रव्यवहार आलेला होता. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना गोलमाल उत्तर देऊन सुटता आले नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग बसला. चौकशी मुंबईत लोकांसमोर झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. सभागृहातला प्रश्न ते राजीनामा, हा सगळा प्रवास दोन-अडीच महिन्यांत संपला.

आता याच्या उलट उदाहरण पाहा, आणि ते आपल्या जिल्ह्याशी जोडलेले आहे. मार्च १९८६ मध्ये बोफोर्स तोफांचा १,४३७ कोटी रुपयांचा करार झाला. १६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडनच्या रेडिओने दलालीची बातमी दिली. ऑगस्ट १९८७ मध्ये संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बी. शंकरानंद, चिकोडीचे खासदार, म्हणजे आपल्या निपाणी भागाचे संसदेतले प्रतिनिधी. प्रमुख विरोधी पक्षांनी या समितीवर बहिष्कार घातला. समितीसमोर जे कागद आले ते सरकारी खाती आणि तपास यंत्रणा यांच्याकडून आले. स्वीडनच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालातला महत्त्वाचा भाग बँक गोपनीयतेच्या कारणाने झाकलेला होता. १९८८ च्या अहवालात समितीने मध्यस्थ असल्याचा पुरावा मिळाला नाही असे म्हटले. आलादी अरुणा या एका सदस्याने भिन्न मताची टिपणी जोडली. नंतर वृत्तपत्रांतून स्वीडनमधली कागदपत्रे छापून येऊ लागली. जुलै १९८९ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल मांडला गेला आणि विरोधी खासदारांनी मोठ्या संख्येने राजीनामे दिले.

न्यायालयात पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राजीव गांधी यांच्यावरचे लाचेचे आरोप रद्द केले. तेव्हा कोण दोषी होते हा माझा मुद्दा नाही. ज्या समितीकडे देशाने सत्य शोधण्याचे काम दिले, तिच्यासमोर कागद अपुरे होते, आणि जे कागद समितीला मिळाले नाहीत ते वाचकांना वर्तमानपत्रात मिळाले. संसदेची पत यामुळे जाते. सरकार आज एका पक्षाचे असेल, उद्या दुसऱ्याचे. कागद झाकण्याची सवय मात्र खुर्चीसोबत नव्या माणसाकडे जाते.

पटलावर न येणारे अहवाल

सरकारने स्वतः नेमलेल्या आयोगाचा अहवालही सभागृहापासून दूर ठेवता येतो. चौकशी आयोग कायदा १९५२ चा. आयोगाचा अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत, केलेल्या कारवाईच्या निवेदनासह, तो विधिमंडळापुढे ठेवायचा असतो. मुंबईतील आदर्श सोसायटीच्या प्रकरणात न्यायमूर्ती जे. ए. पाटील आयोगाचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये सरकारला मिळाला. तो विधानसभेत मांडला गेला २० डिसेंबर २०१३ रोजी, नागपूर अधिवेशनाच्या शेवटी, आणि मंत्रिमंडळाने तो फेटाळल्याचे त्याच वेळी सांगण्यात आले. शेवटच्या दिवशी मांडला की चर्चेला वेळ उरत नाही. पुढे टीका झाल्यावर जानेवारी २०१४ मध्ये तो अंशतः स्वीकारला गेला.

कर्नाटकातले उदाहरण आणखी लांबलचक आहे. २०१५ मध्ये राज्यभर सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण झाले. तुमच्या-माझ्या दारातही गणक आले होते. दीडशे कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. एच. कांतराज यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचे हे काम. त्यानंतर सरकारे बदलली, मुख्यमंत्री बदलले. अखेर २९ फेब्रुवारी २०२४ रोजी जयप्रकाश हेगडे यांनी मुख्यमंत्र्यांना अहवाल दिला. एप्रिल २०२५ मध्ये तो मंत्रिमंडळापुढे आला आणि जूनमध्ये नव्याने सर्वेक्षण करण्याचे ठरले. अहवाल बरोबर होता की चूक, यावर लोकांची मते वेगळी असतील. पण ज्यासाठी लोकांच्या खिशातले पैसे गेले, तो अहवाल दहा वर्षे कपाटात राहिला आणि सभागृहाला त्यावर नीट चर्चा करता आली नाही, याबद्दल दुमत होऊ नये.

महालेखापरीक्षकांच्या अहवालांना तर मुदतच नाही. अनुच्छेद १५१ सांगतो की ते विधिमंडळापुढे ठेवले जातील. केव्हा, ते लिहिलेले नाही. दिल्लीत असे चौदा अहवाल मांडायचे राहिले होते. उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिरंगाईबद्दल सरकारला सुनावले, पण खास बैठक बोलावण्याचा आदेश द्यायला नकार दिला. सरकार बदलल्यावर फेब्रुवारीच्या अखेरीस ते मांडले जाऊ लागले. ज्याचे हिशेब तपासले ते सरकार गेले, मग अहवाल आला. गिऱ्हाईक गाव सोडून गेल्यावर वसुलीची नोटीस काढावी, तसला हा प्रकार.

सभागृहाने ठरवले तर काय होऊ शकते, त्याचे एक बाहेरचे उदाहरण देतो. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडताना जो करार केला, त्यावरचा कायदेशीर सल्ला संपूर्ण प्रसिद्ध करा असा ठराव तिथल्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने नोव्हेंबर २०१८ मध्ये केला. सरकारने सारांश दिला, संपूर्ण कागद दिला नाही. ४ डिसेंबर २०१८ रोजी सभागृहाने ३११ विरुद्ध २९३ मतांनी सरकारला सभागृहाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले. दुसऱ्या दिवशी संपूर्ण सल्ला प्रसिद्ध झाला. ज्या देशाकडून आपण संसदीय पद्धत घेतली, तिथे मंत्र्यांचा वकिली सल्लासुद्धा सभागृहाच्या मागणीपुढे झाकून ठेवता आला नाही.

ती एक ओळ

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माहितीचा अधिकार आपल्याकडे दिल्लीहून एकाएकी आला नाही. गोव्याने १९९७ मध्ये कायदा केला, कर्नाटकाने २००० मध्ये, महाराष्ट्राने २००२ मध्ये. म्हणजे आपल्या भोवतीच्या तिन्ही राज्यांत तो आधीच होता. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला.

या कायद्यातील कलम ८ मध्ये कोणती माहिती नाकारता येते याची यादी आहे. मंत्रिमंडळाच्या टिपण्याही त्यात आहेत, पण निर्णय होऊन विषय संपल्यावर निर्णय, त्याची कारणे आणि ज्या आधारावर तो घेतला ते साहित्य लोकांसमोर ठेवावे, असेही तिथेच म्हटले आहे. यादीतल्या ८(१)(ञ) या खंडात वैयक्तिक माहितीचा अपवाद होता, आणि त्याच्या शेवटी ती ओळ होती. तिचा अर्थ असा : जी माहिती संसदेला किंवा राज्याच्या विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही.

ही ओळ फक्त त्या एका खंडाला लागू की सगळ्या अपवादांना, यावर वाद झाले. पण तिचे वजन मोठे होते. माहिती अधिकाऱ्याने नकार लिहिण्याआधी स्वतःला विचारायचे : उद्या हाच प्रश्न विधानसभेत आला, तर मी उत्तर नाकारू शकेन का? नाही, तर समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही नाकारता येणार नाही. कायद्याने साध्या नागरिकाला तेवढ्यापुरते आमदाराच्या बाकावर बसवले होते.

मुंबई उच्च न्यायालयाने ही कसोटी प्रत्यक्ष लावून दाखवली. महाराष्ट्राचे मंत्री राहिलेले सुरूपसिंग नाईक यांना मे २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक महिन्याची शिक्षा झाली. त्यातले एकवीस दिवस ते जे. जे. रुग्णालयात होते. एका नागरिकाने त्यांच्या उपचाराचे कागद मागितले. रुग्णाची गुप्तता हे कारण पुढे आले. मार्च २००७ मध्ये न्यायालयाने त्या ओळीचा आधार घेऊन सांगितले की शिक्षा भोगत असताना सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाबद्दलची ही माहिती विधिमंडळाने मागितली तर नाकारता आली नसती, म्हणून नागरिकालाही ती मिळायला हवी.

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्याच्या कलम ४४(३) ने ८(१)(ञ) बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती अमलात आली. आता त्या खंडात एवढेच आहे की वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती देण्याचे बंधन नाही. आधीच्या अटी गेल्या आणि ती ओळही गेली.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. खातेदाराची माहिती बाहेर सांगायची नाही, हे आम्हा बँकवाल्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, ते योग्यच झाले. सरकारचे म्हणणे असे की कलम ८(२) अजून शाबूत आहे. लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते. हे खरे आहे. पण 'देता येते' आणि 'नाकारता येणार नाही' यांत किती अंतर आहे, ते कर्ज मागायला आलेल्या माणसाला विचारा. पहिल्यात अधिकाऱ्याची मर्जी आहे, दुसऱ्यात तुमचा हक्क होता.

उचगावचा संबंध

ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यात पूर आला. घरे पडली, सरकारने मदत जाहीर केली. अशा वेळी पहिला प्रश्न असतो : यादीत कोणाची नावे आली, कोणाची गळली, आणि का? नावांची यादी म्हणजे वैयक्तिक माहिती, असे उत्तर आता देता येईल. तोच प्रश्न एखाद्या आमदाराने सभागृहात विचारला, तर मंत्र्याला उत्तर द्यावे लागेल. म्हणजे ज्याच्या पाठीशी आमदार, त्याला यादी दिसणार.

आपल्यापाशी काय आहे? २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपर्यंत कर्नाटक विधानसभेत उचगाव नावाचा मतदारसंघ होता. ते नाव यादीतून गेले. २०१३ साली समितीचे दोन आमदार निवडून आले होते. २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत एकही आला नाही. त्याची कारणे आपण इतर सभांत बोललो आहोत, आज तो विषय नको. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी हलग्याजवळ सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. शहर ओलांडले की समोर दिसते. हिवाळ्यात विधानसभा अक्षरशः आपल्या उंबऱ्याशी येते, आणि आपल्या बाजूने तिथे प्रश्न टाकणारा माणूस शोधावा लागतो. त्या एका ओळीने ही उणीव थोडीफार भरून काढली होती.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक स्वतंत्र तपासनीस घटनेने दिला आहे, हेही तरुण मंडळींना माहीत असावे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३५०-ब आला. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांनी राज्यांकडून माहिती घ्यायची, राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा, आणि तो संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा. १५ टक्के किंवा अधिक वस्ती एका अल्पसंख्य भाषेची असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत द्याव्यात, हे ठरलेले संरक्षण या अहवालांत वारंवार येते. राज्यांकडून उत्तरे वेळेवर येत नाहीत, ही तक्रारही त्यांत वारंवार येते. म्हणजे इथेही तेच झाले. तपासनीस आहे, पण शाखा व्हाउचर पाठवत नाही, आणि अहवाल संसदेपुढे आला तरी त्यावर तास-दोन तास बोलायला कोणाला सवड नसते.

हाती काय उरते

निराश होऊन उठण्यासाठी आपण जमलेलो नाही. जे उरले आहे ते पुष्कळ आहे. वापरले पाहिजे.

पहिले, ग्रामसभा. विधानसभा ही राज्याची, तशी ग्रामसभा आपली, आणि तिथे आपल्याला कोणाच्या तिकिटाची गरज नाही. पंचायतीच्या हिशेबाची जमाबंदी दरवर्षी लोकांसमोर व्हायची असते. त्या दिवशी किती जण हजर असतात? पीडीओ साहेबांना नमस्कार करून, "मागच्या वर्षीचे कामांचे रजिस्टर आणि बिले पाहू द्या," असे शांतपणे म्हणणारे दहा जण असले तरी पुष्कळ फरक पडेल.

दुसरे, माहिती अधिकाराचा अर्ज नीट लिहायला शिकणे. कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणून कन्नड लिहिणारा एक तरुण प्रत्येक गावात हवा. कर्नाटकच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील माणसाला फी नाही. कारण सांगावे लागत नाही. उत्तर तीस दिवसांत. नुसत्या नक्कल प्रती मागू नका, दप्तर प्रत्यक्ष पाहण्याचीही मागणी करा, तो हक्क कायद्यात आहे. आणि माणसांची नावे विचारण्याऐवजी निर्णय विचारा : निकष कोणते होते, कोणत्या परिपत्रकाने ठरले, किती अर्ज आले, किती नाकारले, कोणत्या कारणाने. यात वैयक्तिक काही नाही, म्हणून त्या दुरुस्तीची आड घेता येणार नाही. नकार आला तर कलम ८(२) चा उल्लेख करून तीस दिवसांत अपील करा.

तिसरे, तक्रार अर्ज. अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. मराठीत दिलेले निवेदन परत करता येत नाही, हे विनयाने पण ठामपणे सांगावे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(४) मध्ये माहिती प्रसिद्ध करताना स्थानिक भाषेचा विचार करावा असे आहे, तेही अर्जात लिहावे.

चौथे, आमदार कोणत्याही पक्षाचा असो, तो आपला आमदार आहे. त्याच्याकडे हार घेऊन जातो, तसा लिहून तयार केलेला प्रश्न घेऊन जा. प्रश्न सभागृहात आला आणि "माहिती गोळा करत आहोत" असे उत्तर आले, तर तारीख वहीत लिहून ठेवा. मग आश्वासन समितीच्या सचिवालयाला स्मरणपत्र पाठवा. आपल्या भाषेच्या खासदारांना, ते महाराष्ट्राचे असले तरी, आयुक्तांच्या अहवालावर चर्चा मागायला लावा. तो अहवाल संसदेचा आहे, कोणत्याही राज्याचा खासदार तो मागू शकतो.

पाचवे, नोंद ठेवणे. मिळालेला कागद, आलेला नकार, अपिलाचा निकाल, सगळे एका फाईलमध्ये, तारखेप्रमाणे. आमच्याकडे तोंडी सांगितलेल्या रकमेला किंमत नसते, पावतीला असते. सीमाभागात सत्तर वर्षांत भाषणे खूप झाली. पावत्या किती जपल्या, याचा हिशेब प्रत्येक गावाने करावा.

शेवटी एक विनंती. येत्या ग्रामसभेची तारीख पंचायतीत जाऊन विचारा, आणि त्या दिवशी कामाचा खाडा पडला तरी हजर राहा. कार्यकर्त्यांपैकी ज्यांना अर्ज लिहायला मदत हवी असेल, त्यांनी रविवारी सकाळी वाचनालयात यावे. मी आणि आणखी दोघे तिथे बसतो. कन्नड लिहिणारी मुले सोबत आणलीत तर फार बरे होईल.

जय महाराष्ट्र, जय हिंद.